धरणाचे दरवाजे आणि नदीकाठचा माणूस

जुलैचा शेवटचा आठवडा आला की सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत एक बातमी घरोघरी कान देऊन ऐकली जाते. कोयना धरणाचे सहा वक्री दरवाजे अमुक फूट उचलण्यात आले, नदीपात्रात इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. बातमी खरी असते आणि वेळेवरही असते. पण गोठ्यात चार म्हशी बांधलेल्या शेतकऱ्याला या बातमीचा अर्थ नेमका काय लावायचा, हे कळत नाही. त्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की उद्या पहाटे पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागेल की नाही. क्युसेकचा आकडा त्याला हे सांगत नाही.

पूर ओसरला की वाद सुरू होतो. गावकरी म्हणतात, धरणाने आम्हाला बुडवले. अधिकारी म्हणतात, पाऊसच तेवढा झाला. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या महापुरांनंतर कृष्णाकाठी हाच वाद झाला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. म्हणूनच, धरण पुराच्या वेळी नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे आज जरा सावकाश समजून घेऊ.

आधी दोन शब्द. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजेच सुमारे २८ लिटर. घरातल्या दोन घागरी भरतील एवढे पाणी दर सेकंदाला वाहत असेल तर तो झाला एक क्युसेक. एक लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८० टँकर दर सेकंदाला तुमच्यासमोरून निघून जाणे. दुसरा शब्द टीएमसी. तो साठ्यासाठी वापरतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयनेचा साठा सुमारे १०५ टीएमसी, वारणेचा सुमारे ३४ टीएमसी, तर कर्नाटकातल्या अलमट्टीचा सुमारे १२३ टीएमसी. या दोन शब्दांना जोडणारा हिशेब एकदा लक्षात ठेवला की पुढचे सगळे सोपे होते. एक लाख क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिले, तर साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक होते.

आता धरण म्हणजे काय, तर एक मोठा हौद. वरून पाणी येते, ती आवक. खालून सोडले जाते, तो विसर्ग. आवक विसर्गापेक्षा जास्त असेल तर हौद भरत जातो. याचा सरळ अर्थ असा की, जोपर्यंत धरणात जागा आहे आणि आत येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी पाणी बाहेर सोडले जात आहे, तोपर्यंत धरण पूर कमी करत असते. आवक दीड लाख क्युसेक आणि विसर्ग पन्नास हजार, अशी स्थिती असेल, तर ‘पन्नास हजार क्युसेक पाणी सोडले’ अशी बातमी येते. पण त्याच वेळी एक लाख क्युसेक पाणी धरणाने पोटात घेतले, ही अर्धी बाजू बातमीत क्वचितच असते. धरण नसते तर ते सगळेच पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर आले असते.

मग तक्रार कशाची? तक्रार सुरू होते ती हौद भरल्यानंतर. धरण काठोकाठ भरले की पूर पोटात घेण्याची त्याची ताकद संपते. जेवढे येईल तेवढे सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मर्यादेबाहेर पाणी अडवणे म्हणजे धरणालाच धोका. मातीचे धरण फुटले म्हणजे काय होते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले आहे. त्या दिवशी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही गेले. त्यामुळे भरलेल्या धरणावरच्या अभियंत्याला ‘दरवाजे उघडू नका’ असे सांगण्यात काही अर्थ नसतो. त्याला प्रश्न विचारायचा तर तो चार दिवस आधी विचारला पाहिजे. धरणात जागा किती ठेवली आहे?

एक साधे गणित मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. धरणात २० टीएमसी जागा शिल्लक आहे. पावसाचा जोर वाढला आणि आवक दीड लाख क्युसेक झाली. नदीकाठाला त्रास नको म्हणून आपण पन्नास हजारच सोडले. धरणात रोज साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी साठत गेले. सव्वादोन दिवसांनी धरण भरले. पाऊस तिसऱ्या दिवशीही चालूच राहिला, तर आता दीड लाख क्युसेक सोडावेच लागणार. म्हणजे खालच्या गावांनी दोन दिवस मध्यम पाणी पाहिले आणि तिसऱ्या दिवशी एकदम तिप्पट. आता तेच दुसऱ्या पद्धतीने करू. पहिल्याच तासापासून ऐंशी हजार क्युसेक सोडले. धरणात रोज सहा टीएमसी साठले. तीन दिवसांत अठरा टीएमसी झाले आणि वीसची जागा पुरली. ऐंशी हजारांचे पाणी तीन दिवस राहिले, पण दीड लाखांचा लोंढा आलाच नाही.

वाचताना हे अगदी सोपे वाटते. पण पाऊस तीनच दिवस पडेल, हे पहिल्या दिवशी कोणाला ठाऊक असते? दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळे झाले असते, तर विनाकारण ऐंशी हजार क्युसेक सोडून शेते बुडवल्याचा ठपका त्याच अभियंत्यावर आला असता. लवकर सोडावे तर दोष, उशिरा सोडावे तर त्याहून मोठा दोष. या पेचातून वाट काढण्यासाठी पावसाचा अंदाज आणि वरच्या पाणलोटातल्या पर्जन्यमापकांची तासातासाची माहिती लागते. दोन्ही गोष्टी पूर्वीपेक्षा आज कितीतरी चांगल्या मिळतात. त्यांचा उपयोग निर्णय घेताना किती होतो, हा खरा विचारायचा प्रश्न आहे.

‘पाऊस येणार हे माहीत होते, मग आठ दिवस आधीच धरण रिकामे का केले नाही?’ हाही प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच्या उत्तरातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. धरणाचे दरवाजे तळाशी नसतात, ते वरच्या भागात, सांडव्यावर असतात. कोयनेत पाणी सांडव्याच्या पातळीला पोहोचेपर्यंत धरणाचा बराच मोठा भाग भरलेला असतो. पातळी त्याखाली असेल तर दरवाजे उचलूनही थेंबभर पाणी बाहेर येणार नाही. तेव्हा पूर्वेकडे पाणी सोडण्याची मुख्य वाट म्हणजे पायथ्याचे वीजगृह. तिथून जाते ते सुमारे २,१०० क्युसेक. या वेगाने एक टीएमसी जागा करायला साडेपाच दिवस लागतात. पश्चिमेकडे बोगद्यांतून वीजनिर्मितीसाठी पाणी जाते खरे, पण ते शेवटी वाशिष्ठी नदीत उतरते आणि तिच्या काठी चिपळूण आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा तिथेही याच पाण्याची चर्चा झाली. एका बाजूचा पूर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवणे हा काही उपाय नव्हे.

थोडक्यात, हौद तळापासून हवा तेव्हा उपसता येत नाही. जागा ठेवायची ती सांडव्याच्या वर, भरत येणाऱ्या धरणात, ऐन पावसाळ्यात ठेवावी लागते. आणि इथेच दुसरी भीती आडवी येते. धरण भरले नाही तर?

ही भीती खोटी नाही. सांगली जिल्ह्याचाच नकाशा पाहा. पश्चिमेला वाळवा, पलूस, मिरज हे कृष्णाकाठचे तालुके पुरात बुडतात. पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके पावसाची वाट पाहत बसतात. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी उचलून या कोरड्या भागाकडे नेतात, आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळते ते कोयनेत साठले असेल तरच. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्व भागात जनावरांसाठी चारा छावण्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली शहरात होड्या चालत होत्या. ऑगस्टमध्ये वीस टीएमसी सोडून द्यावेत आणि सप्टेंबरात पाऊस रुसावा, असे झाले तर त्या वीस टीएमसीचा जाब आटपाडीचा शेतकरी विचारणारच. वीजनिर्मितीचा हिशेब आणखी वेगळा.

म्हणून प्रत्येक मोठ्या धरणासाठी एक वेळापत्रक केलेले असते. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावे, हे त्यात ठरवलेले असते. जलसंपदा खात्याच्या भाषेत ही जलाशय परिचालन सूची. पावसाळ्याच्या सुरुवातीला साठा कमी ठेवायचा, जसजसा पावसाचा जोर ओसरत जाईल तसतसे धरण भरत न्यायचे आणि पावसाळा संपता संपता ते पूर्ण भरायचे, असा तिचा साधा अर्थ. सूची ही तडजोड आहे, पूर आणि दुष्काळ यांच्यातली. तिच्यात चूक असू शकते, ती जुन्या पावसाच्या आकड्यांवर बेतलेली असू शकते. पण ती पाळली गेली की नाही, हे तारीखवार तपासता येते. ‘धरणाने बुडवले’ आणि ‘पाऊसच तेवढा झाला’ या दोन ओळींच्या मधले उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेले असते.

नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले, तेव्हा काय झाले याचे उदाहरण आपल्याच तापी नदीवर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये खानदेशातून वाहत आलेल्या पुराने गुजरातेतले उकाई धरण भरले. तिथून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर जी चर्चा झाली ती दरवाजे उघडण्यावर कमी आणि ऑगस्टमध्ये धरण किती रिकामे असायला हवे होते, यावर जास्त झाली.

आता पुन्हा कृष्णेकडे वळू. कारण इथली गोष्ट एका धरणाने संपत नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कृष्णेवर त्याआधी धोम आहे, तिच्या इतर उपनद्यांवर कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे आहेत. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. आणखी पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. या सगळ्या धरणांच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याच धरणात अडत नाही, तो थेट नदीत येतो. याला मुक्त पाणलोट म्हणतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या वेळी कोयना पूर्ण भरलेली नव्हती आणि तिने बरेच पाणी पोटात घेतलेही. तरी सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी ५५ फुटांच्या आसपास गेली. धरणांखालच्या ओढ्या-नाल्यांनी आणि उपनद्यांनी किती पाणी आणले असेल, याची यावरून कल्पना यावी.

नद्या एकमेकींना अडवतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. सांगलीपासून शिरोळपर्यंतचा भाग सपाट आहे, नदीला उतार फार थोडा आणि वळणे पुष्कळ. वारणा तुडुंब असेल तर हरिपूरच्या संगमावर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. पंचगंगा आणि कृष्णा एकाच वेळी फुगल्या तर नृसिंहवाडीच्या वरच्या दोन्ही बाजूंना तोच प्रकार. या तुंबण्याला आपल्याकडे फुगवटा असा नेमका शब्द आहे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला भाविक गर्दी करतात. काठावरच्या माणसाला पुराचे वावडे नाही. ठरल्या पातळीचे पाणी तो सण म्हणून साजरे करतो. त्याच्या जिवावर येते ते त्याच्या अंदाजापलीकडचे पाणी.

कोल्हापूरकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. तिथे कोणाचा आदेश लागत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर साधारण दहा हजार क्युसेक पाणी भोगावतीत येते. हा आकडा कोयनेच्या मानाने लहान आहे. पण पंचगंगा आधीच राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलेली असेल, तर हेच दहा हजार भारी पडतात. २०१९ मध्ये तिथे पातळी साडेपंचावन्न फुटांवर गेली होती आणि पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद पडला होता. तेव्हा विसर्गाचा आकडा मोठा की लहान, हे नदीत आधी किती पाणी आहे त्यावर ठरते.

उरला प्रश्न अलमट्टीचा. सांगली-कोल्हापुरात हा विषय काढला की चर्चा तापते. अलमट्टी नदीच्या वाटेने सुमारे दोनशे किलोमीटर खाली आहे. तिच्या फुगवट्याने आपले पाणी अडते, असे इथल्या अनेकांचे म्हणणे २००५ पासून आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा थेट कारणीभूत नव्हता, असे समितीने म्हटले आणि अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातल्या व पूरक्षेत्रातल्या अडथळ्यांकडे बोट दाखवले. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य झाला नाही. त्यातच अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. दुसऱ्या कृष्णा लवादाने तशी मुभा दिली असली तरी महाराष्ट्राचा तिला विरोध आहे.

हा वाद तज्ज्ञांच्या आणि न्यायालयाच्या पातळीवर चालेल. पण रोजच्या व्यवहाराचा एक भाग त्यापासून वेगळा काढता येतो. ऑगस्टअखेरपर्यंत अलमट्टीची पातळी कमी ठेवावी, आणि वर पाऊस वाढताच तिथून विसर्ग वाढवावा, ही मागणी आपण कोयनेला लावलेल्या कसोटीहून वेगळी नाही. जागा किती ठेवली आणि ती कधी केली, हेच दोन प्रश्न तिथेही विचारायचे. २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाखांहून अधिक क्युसेक पाणी सोडले गेले, पण ते कोणत्या दिवसापासून, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी तासातासाला एकमेकांना आकडे कळवणे हे लवादाच्या निकालाची वाट न पाहता करता येण्यासारखे काम आहे.

आता पुन्हा त्या म्हशीवाल्या शेतकऱ्याकडे येऊ. आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ मध्ये साडेसत्तावन्न फुटांवर. ज्यांनी २००५ ची खूण भिंतीवर करून ठेवली होती आणि ‘त्याच्या वर पाणी येत नाही’ असा हिशेब केला होता, ते २०१९ मध्ये अडकले. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. गाव सोडायचे ते रस्ता पाण्याखाली जाण्यापूर्वी, हा त्या दुर्घटनेचा धडा. आणि रस्ता कधी जाणार हे क्युसेकवरून नाही, फुटांवरून कळते.

कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस किंवा थोडा अधिक वेळ लागतो. ही फार मोलाची मुदत आहे. एवढ्या वेळात जनावरे हलवता येतात, धान्य माळ्यावर चढवता येते, म्हातारी माणसे पाहुण्यांकडे पोहोचवता येतात. पण त्यासाठी इशारा गावाच्या भाषेत यायला हवा. ‘सत्तर हजार क्युसेक’ असे सांगण्याऐवजी ‘उद्या सायंकाळपर्यंत आयर्विन पुलाजवळ पाणी इतक्या फुटांवर जाईल, तुमच्या गावचा अमुक रस्ता बंद होईल’ असे सांगायला हवे. पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरू लागले की तेवढ्याच क्युसेकला पूर्वीइतके फूट चढत नाहीत, पण पसारा मात्र झपाट्याने वाढतो. हा हिशेब प्रत्येक गावाचा निराळा असतो आणि मागच्या तीन महापुरांच्या नोंदींवरून तो बराचसा मांडता येतो.

गावाकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. जलसंपदा खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, असा नियम आहे. तिथे भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती आणि मंगल कार्यालये पाण्याची जागा खातात. पाणी ती जागा दुसऱ्या कोणाच्या तरी घरात शोधते. धरणात जागा ठेवा असे सरकारला सांगताना नदीलाही तिची जागा ठेवली पाहिजे, हे आपण विसरतो.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात विसर्गाची बातमी कानावर आली की चार गोष्टी विचारा. आवक किती आहे? धरणात जागा किती उरली आहे? धरणाखालच्या पाणलोटात पाऊस किती पडतो आहे? आणि हे पाणी माझ्या गावात किती वाजता, किती फुटांवर येईल? पहिल्या तीन प्रश्नांचे आकडे धरणावर रोज नोंदले जातात. चौथ्याचे उत्तर ते आकडे जाणणाऱ्या माणसाने वेळेवर द्यायचे असते. ते आपण ग्रामसभेत, तहसील कचेरीत, पाऊस सुरू होण्यापूर्वी मागितले पाहिजे. ऑगस्टमध्ये धरण भरल्यावर दरवाजे उघडणाराच्या हाती फारसे काही उरत नाही. जे काही ठरायचे ते त्याआधी, धरणात जागा शिल्लक असताना ठरते.